नव्या सीटा

सितारामनं पाना सीटखालच्या नटावर बसवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. नट हलला नाही. त्यानं बाजूच्या डब्यातलं घासलेट चिंधीवर घेतलं, गंजलेल्या आट्यांवर पिळलं आणि ते मुरेपर्यंत तसाच उकिडवा बसून राहिला.

"लय जुना हाय साहेब," तो म्हणाला. "जागा सोडायला टाइम लागंल."

अनंतराव वकील दुकानाच्या दारात उभे होते, कोर्टाचा काळा कोट हातावर टाकून. स्टेशन रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या दुकानापुढं त्यांची हिरवी विलायती एम.जी. मोटार उभी होती. तारांच्या चाकांची, उघडी, दोनच माणसं मावतील अशी. परभणीत तशी दुसरी गाडी नव्हती. जाणारी-येणारी माणसं सायकलवरून उतरून बघत, वकिलांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं की पुन्हा सायकलवर बसत.

घरापासून इथवर त्यांनीच गाडी चालवत आणली होती. सगळा रस्ता ते ताठ बसून आले. सीटला त्यांनी पाठ टेकवली नाही.

"गाद्या दोन हायत," सिताराम गाडीत वाकून म्हणाला, "पर पाठ एकच हाय. मागं सलग फळी हाय. एकाची बदलायची म्हणलं तर दोघांची बी काढावी लागंल."

"दोन्ही काढ."

"मंग नळीचे सांगाडे करतो. दोन येगळ्या सीटा. आत फोम, वरून रेक्झिन. आता समद्या नव्या गाड्यायला तसंच ऱ्हातंय. कंबर दुखायची न्हाई."

"कर."

"आन् ह्या जुन्या घरी पोचवू का?"

"नकोत मला."

"कातडं विलायती हाय वो. नुसता काथ्या बदलला तर—"

"नकोत म्हटलं ना, सिताराम."

आत शिलाई मशीनवर सितारामची बायको चांगुणाबाई एका ट्रकच्या सीटची खोळ शिवत होती. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"बाईसाहेबायला इचारलं का?"

सितारामनं तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. अनंतराव कोटाची घडी नीट करू लागले. ती नीटच होती.

"ती नांदेडला गेली आहे," ते म्हणाले. "मुलीकडे."

हे विचारल्याचं उत्तर नव्हतं, हे त्यांनाही कळलं. चांगुणाबाईनं खोळ पुन्हा सुईखाली सरकवली. थोड्या वेळानं मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला.

चांगुणाबाईनं तसं विचारावं यात नवल नव्हतं. वकिलांचं घर बाजाराच्या वाटेवर होतं आणि फाटकातून आतला पत्र्याचा आडोसा सरळ दिसे. त्या आडोशाला उभ्या असलेल्या गाडीत कावेरीबाई रोज संध्याकाळी डाव्या सीटवर बसलेल्या असत, हे अर्ध्या गावानं पाहिलेलं होतं.

ही गाडी अनंतरावांच्या वडिलांनी हैदराबादेत घेतली होती, एका नवाबाचा पुतण्या देश सोडून निघाला तेव्हा. वडिलांनी ती फारशी चालवली नाही, अनंतरावांनी त्याहून कमी. ती खरी चालवली बन्सीधरनं. कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेला हा त्यांचा एकुलता एक मुलगा गाडीचं बॉनेट उघडून तासन् तास उभा असे, आणि जेवायला बसला तरी त्याच्या नखांतलं ऑइल जात नसे. गेल्या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर येलदरीला गेला. मित्र मोटारसायकलवर, हा एका मित्राला शेजारी घेऊन गाडीत. धरणाच्या पाण्यात उतरलेले सगळे वर आले, बन्सी आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कोळ्यांनी काढलं. गाडी मित्रानं घरी आणून लावली. डाव्या सीटवर बन्सीचा शर्ट, पँट आणि घड्याळ होतं, नीट घडी करून ठेवलेलं.

कावेरीबाई पहिल्यांदा गाडीत बसल्या त्या ते कपडे मांडीवर घेऊन. पुढं कपडे ट्रंकेत गेले. त्या बसायच्या थांबल्या नाहीत. संध्याकाळी कोर्टातून आल्यावर अनंतराव फाटक लावत, गाडीच्या दाराशी जाऊन उभे राहत आणि म्हणत, "कावेरी, ऊठ. बन्सी आता यायचा नाही."

त्या उठत. पदर डोक्यावरून सारखा करत आणि आत जाऊन चहा ठेवत. कधी वाद नाही, कधी रडणं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

बाररूममध्ये लोक बोलता बोलता गप्प होऊ लागले. डॉक्टरांनी अनंतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "वकीलसाहेब, ती गाडी डोळ्यांपुढून हलवा." गाडी विकायची गोष्ट त्यांनी दोनदा काढायची ठरवली, आणि दोन्ही वेळा ताटातला भात चिवडून उठले. शेवटी त्यांच्या मनानं घेतलं की गाडी राहू दे. ती जागा तेवढी राहायला नको. नांदेडच्या मुलीच्या, प्रमोदिनीच्या, मुलाचं बारसं आलं, कावेरीबाई तिकडे गेल्या, आणि अनंतरावांनी गाडी काढली.

कावेरीबाई परतल्या तेव्हा अनंतराव टांगा घेऊन स्टेशनवर गेले होते. वाटेत त्या नातवाबद्दल बोलल्या. कान आजीसारखे आहेत म्हणाल्या, रात्रभर रडतो म्हणाल्या. अनंतराव हूं-हूं करत राहिले. सांगून टाकावं की तिचं तिला पाहू द्यावं, हे फाटक येईपर्यंत ठरलं नाही.

त्या टांग्यातून उतरल्या आणि आडोशापाशी थबकल्या. हातातली पिशवी खाली ठेवून गाडीजवळ गेल्या. दोन काळ्या सीटा अंतर सोडून उभ्या होत्या, उंच पाठीच्या, चकचकीत. नव्या रेक्झिनचा वास येत होता. कावेरीबाईंनी डाव्या सीटवरून तळहात फिरवला, शिवण बोटानं चाचपली.

अनंतरावांनी दोन्ही हात थोडे पुढं धरले होते. ती कोसळली तर धरायला.

"शिलाई चांगली केली आहे," कावेरीबाई म्हणाल्या. "कुणी केली?"

"सितारामनं. स्टेशन रोडच्या."

"काळं आहे ते बरं. मळायचं नाही."

पिशवी उचलून त्या घरात गेल्या. थोड्या वेळानं आतून स्टोव्हचा आवाज आला. अनंतराव तिथंच उभे राहिले. टांगेवाल्यानं भाड्यासाठी हाक मारली तेव्हा ते भानावर आले.

त्या दिवसापासून कावेरीबाई गाडीत बसल्या नाहीत.

संध्याकाळी अनंतराव घरी येत तेव्हा त्या ओसरीवर काहीतरी निवडत असत, नाहीतर आत असत. चहा तयार असे. डॉक्टर भेटले तेव्हा म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" अनंतरावांनी मान हलवली. घरात सगळं सुरळीत चाललं होतं. कावेरीबाई शेजारी हळदीकुंकवाला जाऊन आल्या. लोणचं घातलं. रात्री जेवताना त्या विचारत, "भाजीत मीठ बरं आहे ना?" आणि ते म्हणत, "बरं आहे." त्यापुढं दोघांच्या ताटांचा आवाज तेवढा होई.

वकिलांना आता घरी यायला उशीर होऊ लागला. काम नसताना ते बाररूममध्ये बसून राहत, शिपाई खिडक्या लावू लागला की उठत. फाटकाशी आले की कडीला हात लावून उभे राहत. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी फाटक लावून ते सवयीनं गाडीकडे वळले, दाराला हात लावला आणि म्हणाले, "कावेरी, ऊठ—"

गाडी रिकामी होती. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही म्हणून. मग आत न जाता ते पुन्हा फाटक उघडून बाहेर पडले आणि स्टेशन रस्त्यानं भराभर चालू लागले.

सिताराम दुकान आवरत होता.

"सिताराम, त्या जुन्या सीटा काढ. मला पाहिजेत."

सितारामनं हातातला हातोडा खाली ठेवला. "साहेब, तुमीच म्हणले नको म्हणून. कातडं मोच्यानं नेलं. स्प्रिंगा एका टांग्याला बसवल्या. काथ्याला तर कीड लागली व्हती, जाळून टाकला."

"आणि ती फळी?"

"फळी..." सितारामनं बायकोकडे पाहिलं.

"चुलीत गेली," चांगुणाबाई म्हणाली. तिनं बसायला वेताचा मोडा पुढं सरकवला. "बसा साहेब."

अनंतराव बसले. कोर्टात उलटतपासणी घेताना ज्यांचा आवाज बाहेरच्या लिंबाखाली ऐकू येई, ते वकील मोड्यावर बसून आपल्या बुटांकडे पाहत राहिले. चांगुणाबाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. घ्या असं ती म्हणाली नाही. त्यांनी तो उचलला, वरूनच तोंडात पाणी घेतलं, थोडं सदऱ्यावर सांडलं.

"तशीच करून देतो की साहेब," सिताराम म्हणाला. "माप हाय माझ्यापाशी. कातडं हैदराबादहून आणू."

"नको," अनंतराव म्हणाले. "तशी व्हायची नाही."

घरी आले तेव्हा कावेरीबाई ओसरीवर सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या. उजेड अजून होता. अनंतरावांनी कोट काढला आणि खुंटीला न लावता हातातच धरून उभे राहिले.

"तू गाडीत का बसत नाहीस आता?"

सुपाचा आवाज थांबला. कावेरीबाईंनी खडे वेचून बाजूला टाकले.

"तुम्हाला आवडत नव्हतं ना. म्हणून तर बदललं सगळं."

"त्या सीटा काढल्या म्हणून रागावलीस?"

"नाही हो. सीटांचं काय." मग सुपातल्या दाण्यांकडे पाहतच म्हणाल्या, "तो गेला तेव्हापासून तुम्ही त्याचं नाव घेतलं नाही. मी काही काढलं की उठून जायचात. ताटावरून उठायचात. मग मीही काढायचं सोडलं. तिथं बसले की तेवढं एकदा म्हणायचात."

"काय म्हणायचो?"

"बन्सी यायचा नाही म्हणून." कावेरीबाईंनी सूप उगाच हलवलं. "यायचा नाही हे मला काय माहीत नव्हतं? पण नाव तर यायचं कानावर. दिवसातून एकदा. तेवढं ऐकायला बसायचे मी."

बाहेर रस्त्यानं एक बैलगाडी गेली. तिचा आवाज लांब गेला. अनंतरावांनी कोट जमिनीवरच ठेवला आणि भिंतीला धरून धरून खाली बसले. ओसरीच्या फरशीवर ते कित्येक वर्षांत असे बसले नव्हते. गुडघे वाजले.

"तुला एक सांगितलं नाही कधी," ते म्हणाले, आणि थांबले. "बन्सी... बन्सी तिसरीत होता. शाळा लवकर सुटली म्हणून सरळ कोर्टात आला. मागच्या बाकावर येऊन बसला, मला पत्ताच नाही. समोरचे वकील माझ्यावर चिडून ओरडायले होते. एकदम मागून आवाज. 'माझ्या अण्णांवर ओरडू नका!' बाकावर उभा राहिला होता. दप्तर गळ्यात."

कावेरीबाईंनी सूप खाली ठेवलं.

"मुन्सफसुद्धा हसले. सगळं कोर्ट हसलं. मला इतकी लाज वाटली... मी दंड धरून त्याला बाहेर काढलं. जोरात धरला होता. रडला नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. मग मलाच कसंतरी झालं. बाहेर पेरूवाली बसली होती. तिच्याकडून त्याला पेरू घेऊन दिला आणि म्हटलं, आईला सांगायचं नाही."

दोन्ही तळवे त्यांनी डोळ्यांवर दाबून धरले आणि त्यांचे खांदे हलू लागले. कावेरीबाई सरकून जवळ आल्या. त्यांनी हात लावला नाही, फक्त शेजारी टेकून बसल्या.

"त्यानं नाही सांगितलं," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "कधीच नाही सांगितलं."

ओसरीवर अंधारून आलं होतं. दिवा लावायला कुणी उठलं नाही.

"पेरू कच्चा होता का पिकलेला?" कावेरीबाईंनी विचारलं.

अनंतराव डोळे पुसून आठवू लागले.