दगडाखालची देवी

मंगळवारी देवळीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. कार्ल्याच्या वरच्या अंगाची अख्खी वाडी शालनच्या अंगात येणारी देवी बघायला लोटली होती. हौशीराम भगतानं तिला गोल दगडावर पोटावर पालथी घातली आणि पाठीत गुडघा रोवला. दोनच मिनिटं. शालन पिठासारखी पांढरी पडली, घामानं निथळली, थरथर कापू लागली.

"आली. या घरातली बाईच लागती तिला," भगत म्हणाला. शालनची आई बाया याच दगडावर गेली. थोरली बहीण सुषमा तिशीत, भात लावताना वाकली ती उठलीच नाही. आता धाकटीची पाळी. नऊ मंगळवार केले तर देवी सोडणार होती. देवी मोठी समजूतदार. भगताचा चहा संपल्याशिवाय कधी यायची नाही.

शालनची लेक छकुली नववीत शिकत होती. तिनं आईचे झटके वहीत टिपले होते. एकूण अकरा. लावणीत, चुलीपुढं, हंडा उचलताना. तिथं भगत नव्हता, पण दर वेळी आई वाकलेली किंवा तिचं पोट दबलेलं. वाडीची आरोग्यसेविका आशाताई सारिकानं एका झटक्याच्या वेळी रक्तदाब मोजला, तर दोनशे चाळीस.

छकुलीनं आईला दगडावरून उठवलं, पाणी पाजलं. ती सावरल्यावर पाठ ताठ ठेवून बसवलं.

"भगतबाबा, आता हात न लावता आणा देवी."

"पोरी, कोप व्हईल," तिचे आजोबा, शालनचे वडील गेणूआबा पुटपुटले.

"आबा, एकदाच बघू."

ढोल वाजला, अंगारा उडाला, भगताचा घसा बसला. शालन शांत बसून होती. मागून कुणी तरी विचारलं, "भगता, देवी दगडाखाली ऱ्हाती व्हय रं?"

छकुलीनं आईला कुसगावला नेलं. तिथल्या डॉक्टर हुस्नबानोंनी वहीचं पानन् पान वाचलं आणि बाया, सुषमा कशा गेल्या ते विचारलं. पुण्यात तपासण्या झाल्या. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ निघाली. ती दाबली की रक्तात रस सुटतो, रक्तदाब भडकतो, जीवही जातो. आधी औषधं, मग ऑपरेशन. "हा दोष आईबापांकडून मुलांत उतरू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्या दोघींनाही हेच असणार."

गेणूआबांनी आपले दोन्ही तळवे निरखले.

"बायाला दगडावर मीच धरली व्हती. भगत म्हनला, घट धर. मी घट धरली."

छकुलीनं बाही वर सारली. "डॉक्टर, आता माझं रक्त तपासा."

एकाच घरातली माणसं एकाच तऱ्हेनं जात असतील, तर भगताकडं जाऊ नका. डॉक्टरकडं जा, आणि गेलेले कसे गेले तेही सांगा.