पट्टीखालचा पिवळा दिवा

मित्रांनो, रंगाऱ्याच्या घरी मुलगी झाली, त्याच वर्षी मी कारखान्यातून बाहेर पडलो. मी मोटारीतला दिवा आहे. चालकासमोर काटे फिरतात ना, त्यांच्या शेजारी बसणारा. वाटाण्याएवढा, पिवळा, अंगावर इंजिनाचं चित्र असलेला. आता माझी काच वितळून सुरकुतली आहे आणि मी एका फळीवर, रंगाच्या ब्रशांमध्ये पडून असतो.

मला वाचा नाही. मला फक्त तीन गोष्टी येतात. विझलेला असलो की सगळं ठीक आहे. लागून राहिलो की काहीतरी बिघडलं आहे, मिस्त्रीला दाखवा. आणि लुकलुकू लागलो की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, आत्ताच्या आत्ता. एवढंच शिकवून मला या जगात पाठवलं.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. रंगारी सकाळी टपावर शिडी बांधायचा, मागच्या डिकीत रंगाचे आणि थिनरचे डबे ठेवायचा आणि किल्ली फिरवायचा. मी क्षणभर लागायचो, विझायचो. त्याची मुलगी मागच्या सीटवर बसून शाळेत जायची. तिच्या हातापायांवर नेहमी रंगाचे शिंतोडे असायचे, म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणत. ती लहान असताना एकदा चालत्या गाडीत तिनं दार उघडलं. तेव्हापासून रंगाऱ्यानं मागच्या दारांना मुलांचं कुलूप लावून ठेवलं. ती दारं फक्त बाहेरून उघडत.

एकदा मी लागलो. मिस्त्रीनं पाहिलं तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल होतं. "शहाणा आहे हो तुमचा दिवा," मिस्त्री म्हणाला. मला धन्य वाटलं. पण पुढे त्या झाकणापायी मी आणखी तीन वेळा लागलो आणि रंगारी मला कंटाळला.

मग गेल्या उन्हाळ्यात गाडीला धक्के बसू लागले. मित्रांनो, आमच्या इंजिनात चार खोल्या होत्या. प्रत्येकीत ठिणगी पडते आणि पेट्रोल जळतं. त्यातल्या एकीत ठिणगी कधी पडे, कधी पडत नसे. न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरच्या नळीत जाई. तिथे गाडीच्या पोटाखाली धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो. तो आधीच तापलेला. पेट्रोल त्याच्यात जाऊन पेटे. ही गोष्ट माणसांना दिसत नाही. ती सांगायची म्हणूनच मी आहे. मी लागलो आणि लागूनच राहिलो.

रंगाऱ्यानं मिस्त्रीला फोन केला.

"गाडी मिसिंग करतेय रे, धक्के देतेय. दिवाही लागून राहिलाय. पण मला तीन दिवसांत एक घर रंगवून द्यायचंय. माणसं सामान घेऊन दारात उभी राहतील."

"दिवा नुसता लागलाय ना? मग उरक तुझं काम. पण लुकलुकला तर जागच्या जागी उभी कर, कळलं का? घरी जातो न् बघतो, असं नाही."

"बरं बाबा, इंजिनाचे डॉक्टर!"

फोन ठेवून रंगाऱ्यानं खिशातून कागदी चिकटपट्टी काढली. भिंत रंगवताना खिडकीच्या कडेला, बटणांवर लावतात ना, तीच. ज्यावर रंग जायला नको ते झाकून टाकायचं, ही त्याच्या हाताची सवय. त्यानं बोटभर पट्टी फाडली आणि माझ्या तोंडावर चिकटवली. मग आणखी एक, आडवी.

"बाबा, त्याला का झाकलं?" ठिपकीनं विचारलं.

"उगाच डोळ्यांवर येतो. काम झालं की काढू."

त्या अंधारात मी तीन दिवस होतो. मी लागलेला होतो आणि कोणी मला पाहत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी रंगाऱ्याचे वडील, आबा, पुढच्या सीटवर येऊन बसले. तेही आयुष्यभर रंगारीच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं. ठिपकी मागे, रंगाऱ्याच्या पाठीशी बसली होती. वाटेत चढ लागला, गाडी थरथरली आणि मी लुकलुकू लागलो.

मी किती घाबरलो म्हणून सांगू! थांबा, थांबा, थांबा, एवढंच मी म्हणत होतो, पट्टीच्या आत.

"बाबा, सडक्या अंड्यांसारखा वास येतोय," ठिपकी म्हणाली.

"माझ्या नाकाला थिनरशिवाय काही कळत नाही बघ. आबा, तुम्हाला?"

"मला तरी कुठे? एकाच डब्यातले आपण दोघं," आबा हसले.

गाडी थांबली, तेव्हा मला वाटलं की सुटलो. पण रंगारी तो रंगवत असलेल्या घराशी थांबला होता. खिडक्यांच्या पट्ट्या वेळेवर काढल्या नाहीत तर त्यांच्याबरोबर रंगही सोलून निघतो, म्हणून तो घाईत होता. गाडी त्यानं कडेच्या वाळक्या गवतात घेतली. "दहा मिनिटांत आलो. उकडतंय, थंड हवा चालू राहू द्या," असं म्हणून इंजिन चालू ठेवूनच तो आत गेला.

गाडीच्या पोटाखाली तो धुराचा डबा लाल झाला होता. गवत त्याला टेकलेलं होतं. मी लुकलुकत होतो.

आबांचा हात सहज चालकासमोरच्या काट्यांच्या काचेवरून फिरला. त्यांचा अंगठा पट्टीच्या कडेवर अडला.

"पट्टी लावायची न् काढायची नाही! किती वेळा सांगितलं याला," ते पुटपुटले आणि त्यांनी नखानं कड उचलून ती ओढली.

उजेड! मी सगळा जीव एकवटून लुकलुकलो.

"ठिपके, हे पिवळं काय गं हलतंय?"

"दिवा आहे आबा. आबा, खाली पायांना चटके बसतायत. आणि धूर येतोय!"

आबांनी किल्ली फिरवली. मी विझलो. त्यानंतर जे झालं ते मी फक्त ऐकलं.

पुढचं दार उघडलं. आबांची काठी पडली. मागचं दार आतून ठोकलं जात होतं. "आबा, उघडत नाही! आबा!"

"आलो गं, आलो. दप्तर राहू दे. माझ्या आवाजाकडे बघ."

ते गाडीच्या मागून वळसा घालून आले. गवत तडतडत होतं. त्यातूनच आले. दार उघडल्याचा आवाज झाला. "पळ! बापाकडे पळ! मागे बघू नकोस!" लहान पावलं लांब गेली. मोठी पावलं गेली नाहीत. मग डिकीतले डबे फुटले.

बंबवाल्यांनी आग विझवली तेव्हा ती नुकती माझ्या काचेपर्यंत पोचली होती, म्हणून मी उरलो. रंगाऱ्यानं मला जळक्या सांगाड्यातून काढून आणलं. तो मिस्त्रीला एकदाच सांगताना मी ऐकलं, की दवाखान्यात नर्सनं आबांचा हात पुसला, तेव्हा अंगठ्याला ती पट्टी अजून चिकटलेली होती.  मिस्त्रीनं रंगाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

ठिपकी कधी कधी फळीशी येते, मला हातात घेते आणि फडक्यानं पुसते. मी आता लागत नाही.

मित्रांनो, तुमच्या गाडीत माझ्यासारखा कोणी लुकलुकताना दिसला तर मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, ओरडून सांगा. तुम्हाला वाचा आहे. आणि तापलेली गाडी वाळक्या गवतात उभी करू देऊ नका.

ठिपकीच्या हातावर एक चट्टा राहिला, बाकी ती धड आहे. आबा आगीनंतर सहाव्या दिवशी, गुरुवारी सकाळी गेले. ठिपकीला तेव्हा नववं वर्ष चालू होतं.