कांद्याची पेशी

चन्नबसप्पानं धावत्या एसटीचा दांडा पकडला, एक पाय आत टाकला आणि दुसऱ्या पायातली चप्पल रस्त्यावरच राहिली. कंडक्टरनं चार शब्द ऐकवून गाडी थांबवली. चप्पल घेऊन तो चढला, तर समोरच थोरला भाऊ वीरण्णा बसलेला, अंगात कोर्टाला जायचा कोट. चन्नबसप्पाच्या अंगातही तसाच कोट होता. दोघांनी दोन खिडक्यांतून बाहेर बघायला सुरुवात केली.

बांधावरची विहीर कुणाची, यावर दोघांचा मुकदमा चालू होता. निकाल लागेपर्यंत विहिरीला कुणी हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम. दुष्काळाचं दुसरं वर्ष, तळाला गुडघाभर गढूळ पाणी, आणि खोदायची सोय नाही. लातूर जिल्हा झाला तसं कोर्ट जवळ आलं, पूर्वी पेशीच्या तारखेला उस्मानाबाद गाठावं लागे. भांडण मात्र होतं तिथंच होतं. सकाळी वीरण्णा कोट घालून निघालेला दिसला आणि चन्नबसप्पानंही घाईनं कोट चढवला. यानं गुपचूप पेशी लावून घेतली. आपण गैरहजर राहिलो की विहीर गेलीच.

मागच्या सीटवर त्याची नववीतली लेक महादेवी होती. ती निलंग्याच्या शाळेला निघाली होती.

"अप्पा, तुमी कुठं?"

"लातूरला. पेशी हाय," तो कुजबुजला. "तुझा दोड्डप्पा चोरून निघाला व्हता."

दोड्डप्पा, म्हणजे पोरीचा थोरला काका वीरण्णा, गर्रकन वळला. भावाशी अबोला, म्हणून तो पुतणीशी बोलला.

"चोरून कोण? काल सांजंला भिंतीपल्याड तूच वरडत व्हतीस न्हाई? उद्या पेशी हाय, कांदा घालून दे म्हणून! शिदोरीत कांदा म्हणल्यावर तुझा बाप कोर्टालाच निघालाय की!"

महादेवीनं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा चुलत्याकडं. मग दप्तरातून कांदा काढला आणि ती खो खो हसत सुटली.

"आवो दोड्डप्पा, ह्या कांद्याची पेशी! विज्ञानाच्या तासाला बघायची हाय. जे जे जिवंत, ते सगळं पेशींचंच बनलेलं असतंय."

"सगळं?"

"हाव. माणूस, झाड, बैल. आन् नवी पेशी जुन्या पेशीतनंच निघती."

वीरण्णानं गंभीरपणे मान डोलावली. "हे मातर खरं हाय. आमच्या वकिलाकडं बी तसंच."

चन्नबसप्पाला हसू आवरेना. त्याचं बघून वीरण्णाही हसला, मग कंडक्टर हसला. किती वर्षांनी दोघे भाऊ एकाच गोष्टीला हसत होते. चन्नबसप्पाला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

लातूरचं तिकीट कुणीच काढलं नाही. दोघे निलंग्याला उतरले आणि कांद्याची पेशी बघायला पोरीच्या मागोमाग शाळेत शिरले. रामकिशन सरांनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचेवर पसरला आणि पाहुण्यांना सूक्ष्मदर्शकापाशी पहिला मान दिला. वीरण्णाला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग तो डोळा न हलवता बघतच राहिला.

"चन्नू, हिकडं ये. बांध बघ, बांध."

चन्नू! ही हाक चन्नबसप्पा विसरूनच गेला होता. त्यानं वाकून पाहिलं. एकाला एक लागून आखीव वाफे, आणि मधे बांधच बांध.

"सर, ह्यो मधला बांध कुणाचा म्हणायचा?" वीरण्णानं विचारलं.

"दोघांचाही," सर सहज म्हणाले. "त्यातूनच पाणी इकडून तिकडं जातं. ते अडलं तर दोन्हीकडं वाळायचं."

भावांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. वीरण्णानं कोट काढून हातावर घेतला.

"चन्नू, विहिरीतला दगड उपसायची यारी निलंग्यात भाड्यानं कुठं मिळती रं?"

"बाजारात इचारू की," चन्नबसप्पा म्हणाला. त्यानंही कोट काढला.

दोघे फाटकाबाहेर पडले तेव्हा महादेवीनं वर्गाच्या खिडकीतून हाक मारली.

"दोड्डप्पा, दोघं मिळून कुठं निघालात?"

"यारी जमवायला!" वीरण्णा मागं न बघता ओरडला.