बिनदातांचा शिंपला

कॉलेजचे सर दुपारी येणार होते आणि रुचिताचं कशातच लक्ष लागत नव्हतं. कारध्याच्या घाटाखाली, वैनगंगेच्या रेतीत मिळालेल्या शिंपल्यांचे फोटो तिने त्यांना पाठवले होते. इथल्या शिंपल्यांच्या दोन झडपा जिथे जोडलेल्या असतात, त्या बिजागरीला आतून दात असतात. एका झडपेचा दात दुसरीच्या खाचेत बसतो. त्या दातांवरून जात ओळखतात. तिला मिळालेल्या सुट्या झडपांची बिजागरी मात्र सपाट होती. कडाही झिजलेल्या होत्या, पण ते नदीचं काम असं तिने धरलं. 'नवीच जात दिसते,' तिने ठोकून दिलं, आणि सरांनी ते नागपूरच्या तज्ज्ञ मॅडमना कळवूनही टाकलं.

"काहून वो, पाय भाजल्यावानी फिरून राहिली?" अंगणात दुधाचं पातेलं घासणाऱ्या धुरपतामावशीने विचारलं. "पाहुणे पाहाले येऊन राहिले का तुले?"

"मावशी, मस्करी नको..." रुचिता बोलता बोलता थांबली. मावशी शिंपल्याने खरवड काढत होती. तिचा अंगठा बिजागरीवर टेकला होता.

"दाखव बरं."

बिजागरी सपाट होती.

"याचे दात कुठं गेले?"

"बोटाले टोचतेत ना! घाटावरच्या गोट्यावर घासून टाकतो. समद्याच बाया घासतेत. कड झिजली का देतो तिथंच फेकून."

रुचिताने आपली झडप भिंगाखाली धरली. बिजागरीवर समांतर ओरखडे होते. आत स्नायू चिकटल्याच्या खुणाही नेहमीच्या जातीसारख्याच. तरी एखादा शिंपला खरंच बिनदातांचा निघेल, या आशेने ती घाटाकडे पळाली. दोन्ही झडपा अजून जोडलेला शिंपला हवा होता. त्याच्या आत कोणाचा गोटा पोचणार नव्हता. रेतीत एक मेलेला सापडला. तिने तो उघडला. दात होते. दुसऱ्यातही होते.

तेवढ्यात सरांची मोटारसायकल घाटावर आली.

"कुठे आहे आपली नवी जात?" गाडी स्टँडला लावायच्या आधीच त्यांनी विचारलं.

सपाट झडपा तिच्या पिशवीत होत्या. फोटोवर भुललेले सर ओरखडे बघतील की नाही, सांगता येत नव्हतं. तिने आधी हातातला जोड पुढे केला.

"नवी नाही, सर. हीच, नेहमीची आहे. बाकीच्यांचे दात बायांनी भांडी घासताना टोचू नयेत म्हणून गोट्यावर झिजवलेत."

सरांनी शिंपला उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"आणि मॅडमना आता मी काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू," रुचिताने फोन काढला. "नंबर द्या."