दुसऱ्या बाजूचा ब्रेक

मास्तरांनी चावी पुढे केली आणि लेकीने हात मागे घेतला.

ती अंगणात उकिडवी बसून सायकलच्या चेनला तेल घालत होती. बोटं काळीकुट्ट झाली होती, म्हणून हात मागे घेतला असेल, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी चावी तिच्या नाकासमोर झुलवली. फाटकाबाहेर एवढीशी पांढरी गाडी उभी होती, नवी कोरी. शोरूमवाल्यांनी बॉनेटवर बांधलेली लाल फीतसुद्धा अजून सुटली नव्हती.

"कोणाची?" लेकीने विचारलं.

"कोणाची म्हणजे? तुझी! ठमाबाई, तुझ्या बापाने तुझ्यासाठी घेतली."

ठमीचा चेहरा पांढराफटक पडला. आनंदाने माणूस रडतो, नाचतो, गळ्यात पडतो. आनंदाने पांढरा पडलेला माणूस मास्तरांनी आजवर पाहिला नव्हता. ती उठली, फडक्याला हात पुसले, गाडीकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, परत करा."

दारात उभ्या असलेल्या आईने तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणालीस?"

"परत करा. मला नको."

मास्तरांना कानफटात बसल्यासारखं झालं. चावी नाकारणारं माणूस असू शकतं, हेच त्यांच्या डोक्यात शिरेना. गाडी काही थाटामाटाची नव्हती, कबूल. कंपनीचं सगळ्यात साधं मॉडेल ते. काचा हाताने फिरवायच्या, गाण्यांची सोय नाही, चाकांना टोप्या नाहीत. पण जितकी कमी भानगड तितकी कमी कटकट, असं ते येताना वाटभर स्वतःशी घोकत आले होते. चार चाकं आणि डोक्यावर छप्पर. माणसाला आणखी काय लागतं?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते गाडी शिकवायचे. 'पहिल्या फटक्यात पास' अशी पाटी त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलवर होती आणि ती थाप नव्हती. त्यांची पिवळी गाडी सगळ्यांना ठाऊक होती. पिवळीला ब्रेक आणि क्लच दोन्ही बाजूंना होते. एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरी शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. आतून सळईने जोडलेल्या, त्यामुळे इकडचं पेडल दाबलं की तिकडचंही खाली जायचं. लायसनची परीक्षासुद्धा पिवळीतच. परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर बसून शेरे लिहायचे, मास्तर पुढे नेहमीच्या जागी. त्यांचा एकही विद्यार्थी कधी नापास झाला नाही. गॅरेजवाला मात्र दरवेळी चेष्टा करायचा, "मास्तर, तुमच्याच बाजूच्या ब्रेकच्या पेडलचं रबर कसं काय झिजतं हो? शिकतं कोण, तुम्ही का ते?" मास्तरही हसायचे. आजकालची पोरं हलक्या पायाची, असं म्हणून नवं रबर बसवून घ्यायचे.

हल्ली मात्र ही हलक्या पायाची पोरं शिकायलाच येईनाशी झाली होती. आली तरी लायसन खिशात घालून मोकळी. गाडी घ्यायचं नाव नाही. बँकेतला तरुण कॅशियर मास्तरांचाच विद्यार्थी, रोज कानात इअरफोन घालून बसस्टॉपवर उभा. मास्तरांनी छेडलं की हसून म्हणायचा, "आता गाड्या कोण घेतं मास्तर? फोन केला की दारात येते." मास्तर घरी येऊन बायकोपुढे सगळ्या पिढीचा उद्धार करायचे. बसून खायला हवं यांना, जबाबदारी म्हणून नको! आणि आता त्यांच्याच घरात, त्यांच्याच अंगणात तेच.

"आमच्या लॅबमध्ये कोणाकडेच गाडी नाही, बाबा," ठमी म्हणाली. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. "बस थेट दारात सोडते. सायकल आहे. लांब जायचं तर चौघं मिळून टॅक्सी करतो. ही उभी तरी कुठे करू?"

"माझ्या डोक्यावर!"

"अहो, हळू," आई म्हणाली. "शेजारीपाजारी ऐकतायत."

"ऐकू देत! अर्ध्या शहराला गाडी शिकवली मी आणि माझी पोरगी सायकल मारत फिरते. लोक तोंडावर बोलत नाहीत, पण म्हणतच असणार. दिव्याखाली अंधार!"

हे मात्र तिला लागलं. तिने मास्तरांच्या हातातून चावी जवळजवळ हिसकावून घेतली.

"चला. बसा."

मास्तर खूश झाले. पोरांना जरा टोचलं की बरोबर ताळ्यावर येतात, असं त्यांना वाटलं. त्यांनी फीत सोडली, काच खाली फिरवली आणि सगळ्या गल्लीला दिसेल असं कोपर बाहेर काढून बसले. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

"होतं सुरुवातीला," ते उदारपणे म्हणाले.

दुसऱ्या वेळी गाडी निघाली. ठमीने स्टिअरिंग असं धरलं होतं की हाताच्या शिरा वर आल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी शिंपीकाका रस्ता ओलांडत होते. शिवून झालेल्या कपड्यांची चळत हनुवटीपर्यंत आलेली, समोरचं काही दिसत नसावं. मास्तरांच्या मनात काही येण्याआधीच त्यांचा पाय सवयीने खाली गेला.

पायाखाली काही नव्हतं.

नुसती रबरी चटई. गाडी आपली चालतच राहिली. मास्तरांनी पुन्हा पाय दाबला, टाच दुखेपर्यंत दाबला. चटई ती चटईच. त्यांनी वळून लेकीकडे पाहिलं. ठमीचे डोळे शिंपीकाकांवर खिळले होते. तिला सगळं दिसत होतं. ती वाट पाहत होती. गाडी आता आपोआप थांबेल म्हणून पाहावी, तशी वाट.

"ब्रेक!" मास्तर किंचाळले. "अगं, ब्रेक!"

तिने एकदमच सगळं केलं, ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, डोळे मिटले. गाडी कशीबशी वळली आणि दिव्याच्या खांबावर धाडकन आदळून थांबली. बंपर फुटला. शिंपीकाका दचकून मागे पडले ते नशिबाने आपल्याच कपड्यांच्या ढिगावर.

ठमी दार उघडून धावली. तिने त्यांना उठवलं, हातपाय चाचपले, रस्ताभर झालेले शर्ट गोळा केले, पुन्हापुन्हा माफी मागितली. मास्तरांनाही उतरायचं होतं, पण पाय हलेना. शिंपीकाका कपडे झटकत खिडकीशी आले. त्यांना कुठे लागलं नव्हतं, पण ते मास्तरांकडे असे पाहत होते की जणू ओळखतच नाहीत.

"मास्तर, तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही शेजारी बसलेले असताना?"

जमलेले लोक पांगले. ठमी परत येऊन जागेवर बसली.

"बाबा, पाय काढा आता."

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय अजून चटईवर दाबलेलाच होता.

"तिथे काही नाहीये," ती म्हणाली. "या गाडीत तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"तू का नाही लावलास? दिसत नव्हतं का तुला?"

"दिसत होतं. मी पेडल खाली जायची वाट बघत होते."

"म्हणजे?"

"पिवळीत मला ब्रेक कधी लावावाच लागला नाही, बाबा. मी दाबायच्या आत पेडल खाली गेलेलं असायचं. मला वाटायचं, ब्रेक असाच असतो. परीक्षेच्या दिवशीसुद्धा. साहेब मागून 'थांबा' म्हणाले आणि माझ्या पायाखालचं पेडल आपणहून खाली गेलं. साहेब म्हणाले, मुलगी कोणाची आहे शेवटी!"

"काहीतरी बोलू नकोस! परीक्षेत मी पाय लावीन? शपथेवर सांगतो, कधीच नाही."

"मला माहितीये. तुम्हाला कळतच नव्हतं. आत्ता कळलं का, पाय खाली गेला ते?"

मास्तरांनी चटईवरून पाय उचलून मागे घेतला.

"पास झाल्यावर मैत्रिणीची गाडी चालवायला घेतली होती मी," ठमी म्हणाली. "तिच्या फाटकाचा खांब पाडला. तिच्या अंगणात तिचा छोटा भाचा खेळत होता, तो खांबाजवळ नव्हता म्हणून वाचला. त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? पाटीवर काय लिहिलंय तुमच्या?" तिने डोळे पुसले आणि तेलाचा काळा पट्टा गालावर उमटला. "सायकल मला आवडते, ते खोटं नाही. पण आधी भीती वाटली, बाबा. मग आवडली."

घरी आल्यावर मास्तरांनी चहाला हात लावला नाही. ते थेट पिवळीत जाऊन बसले, आपल्या नेहमीच्या जागी, आणि वाकून पेडलं पाहू लागले. त्यांच्या बाजूच्या ब्रेकचं रबर गुळगुळीत, चकचकीत झालं होतं. हे रबर त्यांनी किती वेळा बदललं, त्यांचं त्यांनाच आठवेना. शिकणाऱ्याच्या बाजूचं रबर गाडीबरोबर आलं होतं तेच. त्यावरच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या.

एकेक चेहरा डोळ्यांपुढे येऊ लागला. परीक्षा झाल्यावर हात जोडून गेलेले, लायसन खिशात घालून पुन्हा बसस्टॉपवर उभे राहिलेले. काय काय बोललो आपण त्यांना! बसून खाणारी पिढी म्हणालो. मग दुसरा विचार आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांचं काय?

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते बाहेर आले.

"चल," ते ठमीला म्हणाले. "मैदानात."

"आजच? पुन्हा?" आई कळवळली. "अहो, जीव घ्याल का पोरीचा?"

"चल," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज ऐकून आई पुढे बोलली नाही.

बंद पडलेल्या गोदामामागे मोठं मैदान होतं. तिथपर्यंत फुटक्या बंपरची गाडी मास्तरांनी नेली. मग जागा बदलल्या. ठमीने इंजिन सुरू केलं. मास्तरांचा पाय लगेच पुढे सरकला. त्यांनी तो मागे घेतला. थोड्या वेळाने पाहतात तर पुन्हा पुढे. ऐकेचना. शेवटी त्यांनी चपला काढून मागच्या सीटवर टाकल्या, पाय वर ओढले आणि सीटवर चक्क मांडी घातली. गाडी इवलीशी. गुडघा डॅशबोर्डला टेकला, पाठ वाकली.

ठमी बघतच राहिली. "असे बसणार?"

"असाच. घे."

गाडी गोदामाच्या भिंतीच्या दिशेने निघाली. मास्तरांनी दोन्ही हातांनी आपल्याच पायांचे अंगठे घट्ट धरले. भिंत मोठी होत गेली. विटा दिसू लागल्या, विटांमधल्या भेगा दिसू लागल्या. 'ब्रेक' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी दात आवळून गिळला. भीतीने त्यांना दरदरून घाम फुटला. इतकी वर्षं शिकवलं, पण गाडीत बसून अशी भीती त्यांनी कधी अनुभवली नव्हती.

गाडी आचका देऊन थांबली. भिंत अगदी पुढ्यात होती, पण होती आपल्या जागी.

ठमीने वाकून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. पेडल त्याच पायाखाली होतं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

तिने पुन्हा केलं, आणि पुन्हा, आणि अंधारायला लागेपर्यंत करत राहिली. आचके कमी होत गेले. शेवटी तर गाडी इतकी अलगद थांबली की मास्तरांना थांबल्याचं कळलंही नाही. ठमीने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

"बाबा, आता सांगू?"

"सांग."

"गाडी मला तरीही नकोय."

सकाळी हेच बोलताना ती पांढरी पडली होती. आता गालांवर रंग होता, आणि ती चक्क हसत होती. मास्तरांना वाटलं, आपल्याला राग यायला हवा. पण तो काही आला नाही.

"बरं," ते म्हणाले. "नको तर नको. मला लागेल ही. घरापर्यंत तरी ने."

मोठ्या रस्त्यावर बसस्टॉप होता. सुट्टीच्या दिवशीही कॅशियर तिथे उभा होता, कानात इअरफोन. मास्तरांनी खूण केली. ठमीने गाडी त्याच्या पुढ्यात नेऊन बेताने थांबवली.

"अरे वा मास्तर, नवी गाडी!" तो इअरफोन काढत खिडकीशी आला. "आणि बंपर लगेच फुटला? म्हणून तर म्हणतो, आता गाड्या कोण घेतं?"

मास्तरांनी काच पूर्ण खाली फिरवली. त्यांची मांडी अजून मोडली नव्हती.

"उद्या बँक सुटली की मैदानात ये," ते म्हणाले. "ही गाडी घेऊन येतो मी. बाकी काही करू नकोस. फक्त एकदा ब्रेक लावून दाखव मला."

कॅशियरचं हसू चेहऱ्यावर जिथल्या तिथे थिजलं. त्याने आजूबाजूला पाहिलं. मग तो खिडकीत वाकला. मास्तरांचे पाय जिथे असायला हवे होते, तिथे नुसती चटई होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "तुम्हाला कोणी सांगितलं?"