राजीनाम्यातलं कारण

बेचाळीस साली आमच्या भागात पाटलांमध्ये राजीनाम्याची साथच आली होती. सरकारची नोकरी सोडली की गाव मारुतीच्या पारावर जमायचं, राजीनामा मोठ्यानं वाचायचं, पाटलाला हार घालायचं आणि मग तो कागद तालुक्याला जायचा. पलूसकडच्या गावांत असे सोहळे झाल्याचं ऐकून मानसिंग पाटलांना चैन पडेना.

त्यांना लिहिता यायचं ते सहीपुरतं. कुलकर्ण्याला सांगावं, तर त्याच्या तोंडी तीळ भिजत नसे. म्हणून दुपारी दार लोटून त्यांनी बायकोलाच समोर बसवलं. विजयमालाबाई भावाच्या पाटीवर चोरून अक्षरं शिकलेल्या.

"लिव. मामलेदारसाहेबांच्या सेवेशी, पोलीस पाटलाचा अर्ज..."

"लिवलं. कारण काय?"

"प्रकुर्ती बरी न्हाई म्हून."

"सकाळच्याला तीन भाकरी आन् वांग्याचं कालवण खाल्लं. प्रकुर्तीला कवा धाड भरली?"

पाटील मिशीतल्या मिशीत हसले. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं, देशासाठी म्हून लिव. समदी तसंच लिवत्यात. ऐकायलाबी झ्याक वाटतं."

बाईंनी टाक खाली ठेवला. "ते मी लिवनार न्हाई."

"का गं?"

"आवं, त्या दिशी फौजदाराला चहा मीच आणला हुता."

इतके दिवस दोघांनी हा विषय टाळला होता. रंगुबाईचा एकुलता एक ज्ञानू चळवळीत. गावातच कुठं तरी लपलेला. फौजदारानं मुद्दाम डिवचलं, "कसले पाटील तुम्ही? गावात कोण कुठं निजतं, याचा पत्ता नाही." झालं, पाटीलकी अंगात आली. "माझ्या गावात कुणाची शेळी कुठल्या खुंट्याला हाय, ते झोपेत सांगंन. ज्ञानू गुऱ्हाळावर निजतो," पाटील बोलून गेले. जीभ चावली, पण फौजदार तोवर उठला होता.

ज्ञानू साताऱ्याच्या तुरुंगात गेला. चुगलीचा आळ आला तो आकारामवर. गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा तो, आणि ज्ञानू त्याच्याच खोपीत सापडलेला. तेव्हापासून त्याला कुणी चिलीम ओढायलाही बोलवत नव्हतं. बायकापोरं घेऊन तो वडूजकडं बहिणीच्या गावी निघायच्या बेतात होता.

"मग काय लिवायचं म्हंतीस? फौजदाराम्होरं शेखी मिरवली म्हून सोडतो? मामलेदार काय म्हनंल?"

"मामलेदाराचं ऱ्हाऊ द्या. गावाला काय सांगणार?"

पाटलांनी टाक उचलून त्यांच्या हातात दिला. बाईंनीही जोर धरला नाही. पाणवठ्यावर आकारामची बायको दिसली, की घागर उचलून वाट बदलायची सवय त्यांनाही झाली होती. शेवटी कागदावर प्रकृतीच उतरली.

संध्याकाळी पार भरला. बायका एका अंगाला उभ्या. अर्जुना मास्तरांनी वाचायला घेतलं, "प्रकृती ठीक नसल्याकारणे..."

"पाटील, कितवा म्हयना?" मागनं कुणी तरी ओरडलं. हशा पिकला.

"आरं, कागदावर काय बी असंना, मनात देशच हाय! घाला हार!"

हार घेऊन पुढं आली ती रंगुबाई. तुरुंगातल्या पोराच्या आईनंच तो घालावा, असं पोरांनी ठरवलं होतं.

"वाका की वं पाटील, माझा हात पुरंना."

पाटील वाकले नाहीत. "रंगुबाई, हार नगं. ज्ञानूचा ठिकाणा म्या सांगितला. आकारामनं न्हवं."

विजयमालाबाईंनी पदर पुढं ओढला. "आन् मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की फक्त शेजारणीला ऐकू गेलं. शेजारीण हातभर लांब सरकली.

रंगुबाईनं हार खाली घेतला. मग म्हणाली, "तुमचं तुमी बगा, पाटील. तान्हेली आकारामची पोरं दारात आल्ती, म्या पानी दिलं न्हाई. आता त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

पारावर हार ठेवून ती गुऱ्हाळाच्या वाटेला लागली. तिच्यामागं एकेक करत सगळे उठले. कागद न्यायला कुणी हात पुढं केला नाही. पाटील तो गुडघ्यावर धरून बसून राहिले.

विजयमालाबाई जवळ आल्या. "उठा. आपल्यालाबी जायाचं हाय."

"समदं गाव आसंल तितं."

"आसंल की. समद्यांच्या मागनं जाऊ."