अरबाबाची काडतुसं आणि हव्वाबीचे बोंबील

अलीमियाँचा कशावरच विश्वास नसे. दुबईत उतरला त्या दिवशी त्याने खाडीचं पाणी चाखून पाहिलं होतं. खारट लागलं, तेव्हा कुठे बोटीवरून सामान उतरवलं.

म्हणून मुश्ताकने नव्या पावडरचा डबा आणला तेव्हा अलीमियाँने आधी त्यालाच न्याहाळलं.

"अलीभाय, ही उन्हात तापली तरी सारखीच जळते. गोळी वर जाणार नाही."

"पावडर बोलली तुला?"

"डब्यावर लिहिलंय ना!"

"डब्यावर एक गोरा हसतोय पण. का हसतोय?"

दोघं अरबाबाच्या, म्हणजे त्यांच्या अरब मालकाच्या, रायफलींची काडतुसं हाताने भरत. गेल्या साली भर दुपारच्या नेमबाजीत अरबाबाची गोळी निशाणावरून जाऊन पाहुण्या शेखच्या कॉफीच्या किटलीतून आरपार गेली. अरबाब रागावला नाही. त्याने फक्त काडतुसं भरणाऱ्याला मुंबईच्या बोटीत बसवून दिलं. त्याच्या जागेवर आता अलीमियाँ होता, आणि नेमबाजी उद्या, जुम्म्याला होती.

त्याने जुनी आणि नवी, दोन्ही पावडरींची काडतुसं भरली. निम्मी माठाशेजारी, निम्मी गच्चीवर थाळीत. गरम आणि थंड गोळी ज्या पावडरने एकाच जागी लागेल, ती खरी.

"थाळीवर नजर ठेव," तो बायकोला, हव्वाबीला म्हणाला. "मुश्ताक वर आला तर हाक मार."

दुपारी वाळूत जाऊन त्याने गोळ्या झाडल्या. जुनी, नवी, गरम, थंड, सगळ्या एकाच जागी.

"दोन्ही चांगल्या! खलास!" मुश्ताक खूश.

एकाच वेळी दोन गोष्टी चांगल्या निघालेल्या अलीमियाँने जन्मात पाहिल्या नव्हत्या. नक्की मुश्ताकने अदलाबदल केली! त्याने गच्चीवरचं एक उरलेलं काडतूस नाकाशी धरलं. बोंबील!

तो तडक घरी गेला. "थाळीला कोणी हात लावला?"

"मी," हव्वाबी म्हणाली. "ऊन चढलं तसं वाळत घातलेल्या बोंबलांबरोबर आत घेतलं. इथलं ऊन काय आपल्या दापोलीचं आहे? करपलं असतं सगळं. तुम्ही यायच्या जरा आधी परत मांडलं."

"पण ती तापवायचीच होती!"

"मग नजर कशाला ठेवायला सांगितली?"

पुन्हा तापवायला दिवस उरला नव्हता. अलीमियाँने दोन्ही डबे समोर ओढले. या सगळ्या भानगडीत खात्रीची बाब एकच निघाली होती: हव्वाबीच्या हातचं काही करपत नाही.

जुम्म्याला काडतुसं तापू नयेत म्हणून तिच्या बोंबलांच्या टोपलीतून मैदानावर गेली आणि तिथे माठाच्या गारव्यात राहिली. अरबाबाने हाक मारली की एकच बाहेर निघे. पाचही गोळ्या निशाणावर लागल्या. शेखची नवी किटली शाबूत राहिली.

अरबाबाने रिकामी पुंगळी हुंगली, डोळे मिटले, पुन्हा हुंगली.

"हबीबी, यापुढे हीच पावडर. वासाची."

"इन्शाल्ला," अलीमियाँ म्हणाला.

परतताना मुश्ताक त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता. "अलीभाय, खरं सांगा. भरलीत कुठली? जुनी का नवी?"

"त्या हसणाऱ्याला विचार," अलीमियाँ म्हणाला, आणि बोंबील घ्यायला बाजाराकडे वळला.